फरशीवाल्यांच्या नावाने ठेवलेला नारळ

शुक्रवार, एकवीस फेब्रुवारी. दुपारी साडेतीन, मुख्याध्यापकांची खोली.

हजर: मुख्याध्यापक. शिक्षक-पालक संघाचे उपाध्यक्ष; यांचं फरशीचं दुकान आहे आणि शाळेच्या व्हरांड्याला त्यांनी फुकट फरशी घालून दिली आहे, म्हणून पुढे त्यांना फरशीवाले म्हणते. त्यांची बायको. मिरकरवाड्याची एक आई. ही रत्नागिरी बंदरावरच्या लिलावात मासळी घेते आणि बाजारात बसून विकते. आणि मी. नववीला गणित शिकवते, समुपदेशन कक्ष माझ्याकडे आहे, आणि अक्षर बरं असल्यामुळे सभांचं इतिवृत्तही माझ्याकडेच असतं.

गैरहजर: मिरकरवाड्याच्या आईची मुलगी, इयत्ता नववी. पाचवा आठवडा.

विषय एकच होता, पण तो वहीत कसा लिहायचा ते कोणाला सुचेना. मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण तीनदा उघडलं, तीनदा लावलं.

"‘इतर विषय’ असं लिहा, बाई."

"तसं चालणार नाही," मी म्हटलं. "मुख्य विषयाशिवाय इतर विषय घेता येत नाही."

"मग लिहा, ‘नारळाबाबत.’"

मी लिहिलं, नारळाबाबत.

हा नारळ संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामदेवतेपुढे ठेवलेला होता. कोणी छळ केला, चोरी केली, खोटं बोललं आणि माणसांकडून न्याय मिळेनासा झाला, की आमच्याकडे देवळात जाऊन देवाला गाऱ्हाणं घालतात आणि समोर नारळ ठेवतात. ज्याने ठेवला त्यानेच तो उचलायचा. तोवर ज्याच्या विरुद्ध ठेवला त्याच्या घरात जे काही वाईट घडेल ते नारळाच्या खाती जमा होतं. फरशीवाल्यांचं मूळ गाव तेच. शिमगा तीन आठवड्यांवर आला होता, देवाची पालखी घरोघरी निघणार होती, आणि आपल्या नावाने नारळ ठेवलेला असताना पालखी दारात कोणत्या तोंडाने घ्यायची, हा त्यांचा प्रश्न होता. तो नारळ मिरकरवाड्याच्या आईने ठेवला असं ते समजत होते.

नारळ मी ठेवला होता.

आमच्या समुपदेशन कक्षात पूर्वी नकाशे ठेवत. परवापर्यंत कोपऱ्यात आफ्रिका गुंडाळून उभी होती. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा जग, आणि मी प्रशिक्षणातून आणलेला तक्ता: मुलांचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकावे. प्रशिक्षण दहा दिवसांचं होतं. मी सगळं उतरवून घेतलं आणि आल्यावर कामाची यादी केली. तक्रार पेटी बसवणे. दर बुधवारी पेटी उघडणे. प्रत्येक मुलासाठी वेगळं पान. आलेल्या तक्रारीवर आठ दिवसांत कार्यवाही.

मिरकरवाड्याच्या मुलीचं पान दिवाळीनंतर उघडलं. चिठ्ठी तिची नव्हती. वर्गातल्या कोणीतरी डाव्या हाताने लिहिली असावी, अशी अक्षरं होती: "तिच्यावर रोज सेंट मारतात."

मी तिला बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि दप्तर मांडीवर घेतलं. दप्तराला खरोखरच सेंटचा वास येत होता, लग्नाच्या हॉलमध्ये येतो तसा.

"कोण मारतं?"

"सगळी."

"सुरुवात कोण करतं?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. व्हरांड्याकडे. नव्या फरशीकडे. मला कळलं.

फरशीवाल्यांची मुलगी तिच्याच वर्गात, पुढच्या बाकावर. मिरकरवाड्याची मुलगी वर्गात आली की ही सेंटची बाटली काढून हवेत फवारा मारायची आणि म्हणायची, "बंदर आलं गं, बंदर!" मग तिच्या मागे बाकीच्या. पुढे फवारा हवेतून वह्यांवर आला, वह्यांवरून डब्यावर. एकदा डब्यातल्या भाकरीवर मारला. त्याचा व्हिडिओ निघाला, खाली गाणं लावून वर्गाच्या ग्रुपवर फिरला.

मी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला. तारीख, वार, काय घडलं, कोणी पाहिलं. त्यांनी त्यावर "पाहिले" लिहून सही केली. पंधरा दिवसांनी दुसरा दिला. "पाहिले." नाताळच्या सुट्टीआधी तिसरा. तिसऱ्यावर "पाहिले" आणि खाली, "सदर विद्यार्थिनीस समुपदेशन द्यावे." सदर विद्यार्थिनी म्हणजे जिच्या भाकरीवर सेंट मारलं ती.

"थोडं सोशीकपणाचं शिकवा तिला, बाई," ते म्हणाले. "त्या बिचाऱ्या माणसाने आपल्याला फरशी दिलीय."

जानेवारीत फवारा तिच्या डोळ्यांत गेला. तिने हाताला लागली ती कंपासपेटी फेकली. पेटी फरशीवाल्यांच्या मुलीच्या भुवईला लागली. दोन टाके पडले. तासाभरात फरशीवाले शाळेत हजर, आणि त्याच दिवशी ठरलं की मिरकरवाड्याच्या मुलीने माफीनामा लिहून द्यायचा, नाहीतर शाळेतून नाव कमी करायचं. तो लिहून घेण्याचं काम समुपदेशन कक्षाकडे आलं, म्हणजे माझ्याकडे.

मी लिहून घेतला. शब्द मीच सांगितले. "माझ्याकडून गंभीर चूक झाली आहे. यापुढे असे वर्तन करणार नाही." तिने लिहिलं. डोळे अजून लाल होते. पूर्णविरामाच्या जागी ती दर वेळी पेन थांबवायची आणि माझ्याकडे बघायची.

"बाई, सेंटचं लिहू?"

मी म्हटलं, "ते नंतर बघू."

माझ्या वहीत सगळं असतं. गॅसचा नंबर लावल्याची तारीखसुद्धा असते. "नंतर बघू" म्हटलेलं हे एवढं एक काम मी कुठेही लिहिलं नाही. सोमवारपासून ती शाळेत आली नाही.

मी बंदरावर गेले. तिची आई बर्फाच्या गाडीमागे बसून सुरमईचे भाव ठरवत होती. मला बघून उठली नाही.

"तिला पाठवा हो. परीक्षा दीड महिन्यावर आलीय."

"ती कोळंबी सोलायला जाते आता."

"अहो, नववीत आहे ती."

"मी सातवीत होते." तिने पाटावरचं पाणी हाताने निपटलं. "एकदा सोलायला बसलेली पोर परत बाकावर बसत नाही, बाई. मला विचारा. तुमच्या त्या कागदावर तिने सही केली ना? ती म्हणते, आता वर्गात गेले तर मीच वाईट ठरणार. माफी मीच मागितलीय."

त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं की मला सूड हवा. हा शब्द प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नाही. पुस्तिकेत समेट आहे, संवाद आहे, सहानुभूती आहे. मला त्या माणसाची झोप उडालेली बघायची होती.

याला आणखी एक कारण होतं, तेही लिहिते. फरशीवाल्यांचं गाव आणि माझं माहेर एकच. त्यांची वरची वाडी, आमची खालची. मधे पऱ्या, म्हणजे ओढा, आणि त्यावर सुपारीच्या खोडांचा साकव. शाळा पलीकडे. फरशीवाले माझ्या दोन वर्षं पुढे होते. सकाळी साकवाच्या तोंडाशी पाय पसरून बसायचे. खालच्या वाडीचं पोर आलं की म्हणायचे, "बेडकासारखं ओरड, मग जा." मी चार वर्षं ओरडले. पावसाळ्यात पऱ्यातले खरे बेडूक ओरडत असायचे, तेव्हा हे म्हणायचे, "बघ, तुझी माणसं बोलावतायत."

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी सकाळच्या एस.टी.ने गावी गेले. पिशवीत नारळ, उदबत्ती, आणि घडी केलेला कागद. कागदावर गाऱ्हाण्याचे सात मुद्दे होते, क्रमाने, तारखांसह.

गुरवांनी कागद बघून कपाळाला हात लावला. "बाय, देवाला काय अर्ज वाचून दाखवतात? तोंडान सांग."

मी तोंडाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मध्ये तोडलं नाही. तक्ता त्यांच्या देवळात लावायला हवा होता.

"पण पोरगी तर रत्नागिरीची. आपल्या देवाच्या हद्दीत ती येत नाय."

"करणारी येते. बाप वरच्या वाडीचा आहे."

त्यांनी मान वर केली. "त्याच्यावर?" मग माझ्या हातातली उदबत्ती घेत, "काय मागतेस?"

मी मागितलं ते सगळं इथे लिहीत नाही. त्यात दुकान होतं, आणि पाय मोडणं होतं. गुरव म्हणाले, "एवढा मागू नको. लेकरावर गेलं तर तुझ्या पदरात येईल."

"लेकराचं कुठे मागतेय? बापाचं मागतेय."

"घर एक असला की देवाला वेगळा काढता येत नाय, बाय."

शेवटी त्यांनी त्यांच्या शब्दांत घातलं. उभे राहिले, हात जोडले, आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, ज्याच्या घरातून त्या गरीब लेकराचा छळ झाला, त्याच्या तोंडातून खरा बाहेर पडू दे. पडेपर्यंत त्याच्या जीवाला थारा लाभू देऊ नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी आणि गुरवीण म्हणालो. दोनच माणसं होतो, तरी मोठ्याने म्हणालो.

निघताना मी गुरविणीला बाजूला घेऊन सांगितलं, "काकी, नारळ कोणी ठेवला ते कोणालाही सांगू नका." नारळ ठेवलाय हे सांगू नका, असं मी म्हटलं नाही. कोणाविरुद्ध ठेवला तेही लपवायला सांगितलं नाही. एवढं काम मी यादीत लिहूनच गेले होते.

चार दिवसांत वरच्या वाडीला कळलं, आठवड्यात रत्नागिरीच्या दुकानात पोचलं. त्यानंतर काय झालं? विशेष काही नाही. त्यांच्या विहिरीचा पंप जळला, तो दर दोन वर्षांनी जळतो. फरशी आणणाऱ्या ट्रकचा टायर घाटात फुटला. बायकोचं ब्लड प्रेशर वाढलं. एरवी कोणी लक्ष दिलं नसतं. नारळ ठेवलाय एवढं कळलं की बाकीचं काम माणूस स्वतःच करतो. मला रोज काही ना काही कानावर येत होतं आणि मी ते वहीत तारीख घालून लिहीत होते. त्या दिवसांत मला जेवण चांगलं जायचं.

मग त्या शुक्रवारी सभा भरली. तीन अर्जांनी भरली नव्हती ती.

फरशीवाले मिरकरवाड्याच्या आईकडे न बघता म्हणाले, "हे बघा, काय असेल ते इथे मिटवू. तुम्ही नारळ उचला. मुलीच्या फीचं, पुस्तकांचं मी बघतो."

"कसला नारळ?" ती म्हणाली. "आमचा देव बंदरावर आहे. तुमच्या गावाला जायची एस.टी. कुठून सुटते ते पण मला ठाऊक नाही. आणि मला ठेवायचा असता तर मी नारळ कशाला वाया घालवला असता? सडक्या मासळीची टोपली तुमच्या दुकानात ओतली असती. मारा म्हटलं असतं सेंट, किती मारता ते."

मुख्याध्यापकांना खोकला आला. फरशीवाल्यांची बायको म्हणाली, "अहो, मग ठेवला कोणी?"

"मी ठेवला," मी म्हटलं.

मुख्याध्यापकांच्या पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं. "बाई, तुम्ही? तुम्ही शिक्षिका आहात! समुपदेशक आहात! उद्या कोणी वर तक्रार केली तर?"

"लेखी करायला सांगा. मी त्यावर ‘पाहिले’ लिहीन."

मग मी तीनही अर्ज टेबलावर ठेवले आणि अटी वाचल्या. एक, माफीनामा रद्द करून कागद मुलीच्या हातात परत देणे. दोन, वर्गासमोर फरशीवाल्यांच्या मुलीने स्वतः काय केलं ते सांगणे. तीन, तिच्या वडिलांनी त्या आईची इथे, आत्ता, माफी मागणे. तिन्ही झाल्यावर नारळ उचलणे.

पहिल्या दोन अटी फरशीवाल्यांनी लगेच मान्य केल्या. तिसरीला हसले.

"अहो, तुम्ही खालच्या वाडीच्या ना? दर सभेला वाटायचं, चेहरा ओळखीचा आहे." त्यांनी टाळी वाजवली. "साकवावरची बेडकी! तुम्हीच ना ती? काय ओरडायचात हो! अगदी हुबेहूब!" बायकोकडे वळून म्हणाले, "अगं, आम्ही लहानपणी इतकी मजा करायचो..."

ते मनापासून हसत होते. त्यांना खरंच आनंद झाला होता.

मिरकरवाड्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून उठली. "चलते मी. पोरीला सांगते, कागद परत मिळणार म्हणून. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

इतिवृत्तात मी लिहिलं: अट क्रमांक तीन प्रलंबित.

मार्चच्या पहिल्या सोमवारी मिरकरवाड्याची मुलगी शाळेत आली. मी माफीनामा फाइलमधून काढून तिच्या हातात दिला. तिने तो वाचला, घडी केली, फाडला नाही. मी कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, "आता सेंटचं लिही." तिने दीड पान लिहिलं. मी एक शब्दही सांगितला नाही.

त्याच दिवशी तिसऱ्या तासाला फरशीवाल्यांची मुलगी वर्गासमोर उभी राहिली. भुवईवर टाक्यांचा व्रण होता. सगळं बोलली. बाटली तिची, व्हिडिओ तिचा, गाणंही तिने निवडलं. मध्येच तिला हुंदका आला, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच ओरडलं, "फरशी पुसा रे!" मी त्याला उभा केला. पण ते ऐकून आधी मला बरं वाटलं होतं, हे खरं.

तास संपल्यावर ती माझ्यामागून नकाशांच्या खोलीत आली. खुर्चीच्या कडेवर बसली, दप्तर मांडीवर घेऊन.

"बाई, माझे बाबा मरणार का?"

"कोण म्हणालं?"

"आजी. ती म्हणते, देवळात आहे तोपर्यंत काही पण होऊ शकतं. मी रात्री दोनदा उठून बघते, ते श्वास घेतायत ना." तिने नाक पुसलं. "मी खरं बोलले ना, बाई? सगळं बोलले. आता उचलाल ना?"

मी तिचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकलं. मग म्हटलं, "उचलणार आहे." पान उघडून तिचं नाव लिहिलं, आणि पुढे: झोप नाही, भीती, दर बुधवारी भेट. तिच्या पानावर कारण या रकान्यात काय लिहायचं ते मला ठरवता आलं नाही. रकाना रिकामा आहे.

शिमग्याआधीचा रविवार पेपर काढण्यात गेला. खरं तर पेपर शनिवारीच काढून झाले होते. शिमग्याला मी गावी गेले, पण देवळात गेले नाही. देव तेव्हा पालखीत असतो. पालखी वरच्या वाडीत आली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी होते. शेजारच्या प्रत्येक अंगणात ढोलावर नाचवली. फरशीवाल्यांच्या अंगणात खांद्यावरून उतरवली, टेकवली, ओटी भरून घेतली आणि उचलून पुढे नेली. ढोलवाले गप्प होते. गावाने ठरवून केलं की आपोआप झालं, मी विचारलं नाही. फरशीवाले नव्या सदऱ्यात हात जोडून उभे होते. त्यांचा चेहरा मी पुरेपूर बघून घेतला. मागे पायरीवर मुलगी बसली होती. ती पालखीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

गुरव वाटेत भेटले. "बाय, पोरगी खरा बोलली म्हणतात. मग?"

"बाप नाही बोलला."

"गाऱ्हाण्यात मी ‘त्याच्या तोंडातून’ म्हटलेलंय, ता खरा. पण पोरगी माझ्याकडे येऊन रडून गेली. म्हणते, मीच उचलते. मी म्हटलं, तुला नाय चालत." ते थांबले. "तुला सांगितलेलं मी. घर एक असला की..."

"माहीत आहे."

मिरकरवाड्याच्या मुलीची परीक्षा झाली. तिने गणितात बरं केलं. कोळंबी सोलायचं सोडलेलं नाही, पण आता फक्त सुट्टीच्या दिवशी जाते. तिच्या आईने एकदा घरी बांगडे पाठवले, निरोपाशिवाय. फरशीवाले रस्त्यात दिसले की हात वर करतात, अजून. एकदा दुकानातून ओरडून म्हणाले, "काय बेडकी, बरी आहेस ना?" शेजारी गिऱ्हाईक होतं, तेही हसलं.

त्यांची मुलगी दर बुधवारी येते. दारातच विचारते, आत यायच्या आधी. आता शब्दही पुरते उच्चारत नाही, नुसती भुवई वर करते, व्रण असलेली. मी म्हणते, या रविवारी. ती मान हलवते आणि बसते.

वहीतली या आठवड्याची यादी: निकालपत्रकांवर सह्या, झाल्या. तक्रार पेटीचं कुलूप बदलणे, झालं. आफ्रिकेचा नकाशा भूगोलाच्या सरांकडे देणे, झालं. नारळ उचलणे. संगमेश्वरची सकाळची गाडी सात वीसला सुटते. मी तिची वेळ पुढे लिहून ठेवली आहे.